जुना गिअरबॉक्स बसवला, पण गाडी जागची हलेना? बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी हे तपासा

नवीन गिअरबॉक्स परवडत नाही, म्हणून जुन्या बाजारातून आणून बसवायचा, हे आपल्या तालुक्यात नवीन नाही. टाटा ४०७ असो, बोलेरो पिकअप असो, आयशर असो की छोटा हत्ती. गाडीचं वय वाढलं की हा दिवस येतोच. पण कधी कधी बॉक्स बसतो, इंजिन चालू होतं, गिअर पडतो, क्लच सोडला तरी गाडी तिथंच. मग ‘बॉक्सच खराब दिला’ म्हणून विकणाऱ्याशी भांडण, पुन्हा सगळं उतरवणं आणि आणखी चार दिवस गाडी उभी. उसाचा किंवा कांद्याचा हंगाम चालू असेल तर भाडं बुडतं, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

दोष प्रत्येक वेळी बॉक्सच्या आतच असतो असं नाही. क्लच, गिअरची केबल, मागचा एक्सल, ब्रेक यातलं काहीही कारण असू शकतं, आणि यातलं बरंचसं बॉक्स न उतरवता कळतं. कोणत्या क्रमाने काय बघायचं ते इथे दिलं आहे. काम मिस्त्रीनेच करायचं. पण गाडीमालकाला हा क्रम माहीत असला तर फुकटची मजुरी वाचते.

इंजिनची ताकद चाकापर्यंत कशी जाते

इंजिनच्या मागे फ्लायव्हील. त्याला प्रेशर प्लेट क्लच प्लेट दाबून धरते. क्लच प्लेटच्या मधल्या भोकात दाते असतात, त्यात गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट बसतो. याला गॅरेजमध्ये क्लच शाफ्ट म्हणतात. तिथून ताकद गिअरबॉक्समध्ये, मग खालच्या लांब प्रॉपेलर शाफ्टमध्ये, मग मागच्या डिफरेन्शियलमध्ये, आणि शेवटी दोन एक्सलमधून चाकांत जाते.

ही एक साखळी आहे. कुठलीही एक कडी सुटली की इंजिन फिरतं, पण चाक फिरत नाही. कडी कुठे सुटली ते शोधायचं, एवढंच काम आहे. आणि साखळीच्या मधोमध असलेला प्रॉपेलर शाफ्ट बाहेरून दिसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

आधी जीव सांभाळा

- नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक सरकतो, हायड्रॉलिक जॅक बसतो. खाली मजबूत स्टँड हवाच. विटा किंवा फरशीचे तुकडे चालणार नाहीत, ते वजनाखाली फुटतात.
- गाडी सपाट, कडक जमिनीवर आणि रिकामी हवी. चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा.
- इंजिन चालू असताना कोणीही गाडीखाली नको. फिरत्या शाफ्टमध्ये टॉवेल, उपरणं, ओढणी, सैल शर्ट क्षणात गुंडाळला जातो.
- बॉक्स जड असतो. तो दोरीने किंवा छातीवर तोलून उतरवायचा, चढवायचा नाही. गिअरबॉक्सचा जॅक किंवा चेन-पुली लागतेच.

पायरी १ : गाडी नेमकं काय करते?

‘गाडी चालत नाही’ एवढं सांगून उपयोग नाही. खालच्या तीनपैकी कोणतं लक्षण आहे ते आधी ठरवा.

१. गिअर पडतच नाही, किंवा घासून करकर आवाज येतो. पण इंजिन बंद केलं की तोच गिअर सहज पडतो. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही.

२. गिअर पडतो, क्लच सोडला की इंजिन दबून बंद पडतं. म्हणजे ताकद जाते आहे, पण पुढे काहीतरी जाम आहे.

३. गिअर पडतो, क्लच सोडला तरी इंजिन आरामात चालू राहतं. रेस दिली तरी गाडी ढिम्म. म्हणजे साखळीची कडी कुठेतरी सुटली आहे.

तिसरं लक्षण सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारं. म्हणून त्याची चाचणी आधी बघू.

पायरी २ : इंजिन बंद ठेवून चाक फिरवा

या चाचणीला पैसा लागत नाही, आणि इंजिन चालू करावं लागत नाही.

इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागचं दुसरं चाक जॅकने उचलून एक्सलखाली स्टँड लावा. आता हँडब्रेक सोडा. एक चाक हवेत असताना गिअर टाकलेला असला तरी गाडी घरंगळू शकते, म्हणून ठोकळे पक्के असल्याची खात्री करूनच पुढे जा.

पहिला गिअर टाका. क्लचवर पाय नको. उचललेलं चाक हाताने फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टकडे लक्ष ठेवा. वाकून बघायचं नसेल तर मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तो बाजूने जमिनीवर ठेवा. नंतर निवांत बघता येतं, आणि मिस्त्रीला पाठवताही येतं.

- चाक फिरतं, शाफ्ट मात्र स्थिर राहतो. दोष मागे आहे. एक्सल तुटलेला किंवा निघालेला, नाहीतर डिफरेन्शियलमध्ये बिघाड. नव्या बसवलेल्या बॉक्सचा यात काही संबंध नाही.
- चाक फिरतं, शाफ्टही सोबत मोकळा फिरतो. दोष पुढे आहे. गिअर खरा पडलेला नाही, किंवा क्लच, किंवा बॉक्सच्या आत.
- चाक थोडं हलून अडतं. आता गिअर न्यूट्रल करा. न्यूट्रलमध्ये चाक मोकळं फिरलं तर साखळी जोडलेली आहे. मग संशय क्लच घसरण्यावर. न्यूट्रलमध्येही अडलं तर ब्रेक जाम आहे किंवा बॉक्समध्ये दोन गिअर एकदम अडकले आहेत.

दहा मिनिटांच्या या एका चाचणीने अर्ध्याहून जास्त शंका मिटतात.

दोष मागे असेल तर

गाडी बंद पडली तेव्हा टोचन करून आणली होती का, हे आधी आठवा. टोचन करताना बरेच जण प्रॉपेलर शाफ्ट सोडतात किंवा एक्सल बाहेर ओढून ठेवतात. ४०७ आणि त्याहून मोठ्या गाड्यांत एक्सलची चकती चाकाच्या मधोमध बोल्टने आवळलेली असते, बोल्ट खोलले की एक्सल बाहेर येतो. पुन्हा जोडताना तो नीट आत बसला नसेल, तर गाडी हलणार नाही.

एक्सल दोन्ही बाजूंचे काढून बघा. एकाच बाजूचा तुटलेला असला तरी साध्या डिफरेन्शियलमध्ये सगळी ताकद त्या तुटलेल्या बाजूला वाया जाते आणि दुसरं चांगलं चाकही ओढत नाही. एक्सल काढल्यावर तो आखूड निघाला, म्हणजे आत तुकडा राहिला आहे. तो तुकडा न काढता नवीन एक्सल घालू नका.

दोन्ही एक्सल शाबूत असतील आणि शाफ्ट फिरवल्यावर मागून खडखड येत असेल, तर डिफरेन्शियल उघडावं लागेल.

दोष पुढे असेल तर : आधी गिअरची केबल आणि दांडे

केबिनमधला लिव्हर हलला म्हणजे बॉक्समध्ये गिअर पडला, असं धरून चालू नका. ज्या गाड्यांत लिव्हर बॉक्सपासून लांब असतो, तिथे केबल किंवा दांडे असतात. जुना बॉक्स वेगळ्या सालच्या गाडीचा असेल तर त्याच्या वरचा आर्म लहान-मोठा असू शकतो. मग केबिनमध्ये पहिला गिअर दिसतो आणि बॉक्स न्यूट्रलमध्येच राहतो.

इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर हलवायचा, दुसऱ्याने बॉक्सवरचा आर्म बघायचा. आर्मच्या दोन हालचाली हव्यात : गिअरची ओळ निवडण्याची आणि गिअर टाकण्याची. दोन्ही शेवटपर्यंत जायला पाहिजेत, टाकताना ‘खट्’ असं जाणवलं पाहिजे. शंका असेल तर केबल सोडून आर्म हाताने फिरवून गिअर टाका आणि चाकाची चाचणी पुन्हा करा. आता चाक अडलं, तर बॉक्स चांगला आहे. फक्त केबलचं सेटिंग करा.

लिव्हर थेट बॉक्सवर बसत असेल तर वरचं झाकण बघा. झाकण बसवताना आतले सगळे गिअर न्यूट्रलमध्ये हवेत आणि लिव्हरचं टोक आतल्या खाचेत बसलं पाहिजे. खाच चुकली की लिव्हर नुसता ढिला फिरतो, नाहीतर दोन गिअर एकदम पडून बॉक्स जाम होतो.

फोर बाय फोर गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. ट्रान्सफर केसचा वेगळा लिव्हर न्यूट्रलमध्ये राहिला असेल तर बॉक्स कितीही चांगला असला तरी गाडी हलणार नाही.

मग क्लच

इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये ठेवा. क्लच दाबा, मग सावकाश सोडा. सोडल्यावर गिअरबॉक्समधून बारीक घरघर सुरू व्हायला हवी, दाबल्यावर ती थांबायला हवी. दाबला काय, सोडला काय, आवाजात काहीच फरक पडत नसेल आणि बॉक्स गप्पच असेल, तर क्लच शाफ्ट फिरतच नाही असा संशय घ्या. क्लच न दाबता गिअर बिनआवाज पडतो, असं आधीच लक्षात आलं असेल तर तोही याच दिशेचा पुरावा. मुद्दाम मात्र तसं करून बघू नका; क्लच धरत असेल तर दात घासतील.

क्लच शाफ्ट फिरत नसेल किंवा क्लच घसरत असेल, तर कारणं साधारण अशी :

- दाते जुळत नाहीत. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालच्या गाड्यांत क्लच शाफ्टची जाडी आणि दात्यांची संख्या वेगळी असू शकते. प्लेटचं भोक मोठं आणि शाफ्ट बारीक, की प्लेट फिरते आणि शाफ्ट उभा. प्लेटच्या मधले दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तरी हेच होतं.
- क्लच कायम दाबलेला राहतो. जुन्या बॉक्ससोबत आलेला फोर्क किंवा रिलीज बेअरिंग जास्त उंचीचं असेल, तर पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला थोडा मोकळा खेळ हवाच. तेलाचा क्लच असेल तर खालच्या सिलिंडरचा हवा काढायचा नट किंचित सैल करा. तेल जोरात बाहेर आलं आणि क्लच धरायला लागला, तर दोष वरच्या सिलिंडरचा, पाइपचा किंवा पेडलच्या सेटिंगचा आहे.
- प्लेटला तेल किंवा ग्रीस लागलं. क्लच शाफ्टचं जुनं सील गळत असेल तर प्लेट तेलकट होऊन घसरते, जळका वास येतो. प्लेट पेट्रोलने पुसून काम भागत नाही. सील आणि प्लेट दोन्ही बदला.

लक्षण १ : गिअर पडत नाही, घासतो

इथे क्लच धरतो, पण सुटत नाही. सगळ्यात आधी क्लचच्या तेलातली हवा काढा. बॉक्स उतरवताना पाइप सोडला असेल तर आत हवा शिरलेली असते. तरी फरक नाही पडला तर तीन शक्यता उरतात. क्लच प्लेट उलटी बसली असेल. बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू इंग्रजीत छापलेली असते. फोर्क आपल्या टेकूवरून निसटला असेल. किंवा क्लच शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये नीट बसलं नसेल. या तिन्हींसाठी बॉक्स मागे घ्यावा लागतो.

लक्षण २ : इंजिन दबून बंद पडतं

हँडब्रेकची केबल बॉक्सच्या जवळून जाते. काम करताना ती ओढली गेली किंवा दबली का बघा. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रमच बॉक्सच्या मागच्या टोकाला असतो, तिथे तर आधी बघायलाच हवं.

हवेचे ब्रेक असलेल्या मोठ्या ट्रकमध्ये हवा भरल्याशिवाय मागचे स्प्रिंग ब्रेक सुटत नाहीत. घड्याळात हवेचा दाब पुरेसा दाखवतो का, कुठे ‘फुस्स’ आवाज येतो का, एखादा पाइप दबला किंवा जोडायचा राहिला का, ते तपासा. ज्या बॉक्समध्ये हाय-लो बदल हवेवर होतो, तिथे हवेचे पाइप सुटले किंवा उलटे लागले तर उलट लक्षण दिसतं : गिअर पडूनही ताकद पुढे जात नाही.

ब्रेक सुटलेले असूनही न्यूट्रलमध्ये चाक अडतंच, तर प्रॉपेलर शाफ्ट सोडून बघा. शाफ्ट सोडल्यावर चाक मोकळं झालं तर जाम बॉक्समध्ये आहे.

बीएस-६ गाड्यांसाठी

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि वायरिंग जास्त आहे. बॉक्सवरचे सगळे प्लग जोडले आहेत का ते बघा : न्यूट्रल स्विच, रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीड सेन्सर. जुन्या बॉक्सवर एखाद्या सेन्सरची जागाच नसेल तर तो बॉक्स त्या गाडीचा नाही. क्लच पेडल नसलेल्या ऑटो गिअरच्या गाडीत बॉक्स बदलल्यावर स्कॅनर लावून सेटिंग करावं लागतं. ते झाल्याशिवाय गाडी गिअर घेईलच असं नाही.

दोष खरंच बॉक्समध्ये आहे, हे कधी म्हणायचं?

आर्म हाताने फिरवून गिअर टाकला, क्लच चांगला आहे, तरी प्रॉपेलर शाफ्ट मोकळा फिरतो, तेव्हा. एखादाच गिअर चालत नसेल तर आतला फोर्क किंवा त्या गिअरचे दात. पाच गिअरच्या बऱ्याच बॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो. फक्त चौथ्यात गाडी ओढते आणि बाकी सगळे गिअर रिकामे, तर खालच्या शाफ्टकडे संशय जातो. बॉक्सचं ऑईल काढून बघा. खालच्या बोल्टला बारीक भुकटी चिकटलेली चालते, पण दातांचे तुकडे निघाले तर बॉक्स उघडल्याशिवाय पर्याय नाही.

बॉक्स चढवण्याआधीची पाच मिनिटं

मुंबईत कुर्ला असो, पुण्याचा जुना बाजार असो की जवळचं भंगार दुकान, बॉक्स घ्यायला जाताना आपला जुना बॉक्स किंवा निदान क्लच प्लेट सोबत न्या. मग :

१. आपली क्लच प्लेट त्या शाफ्टवर घालून बघा. ती सहज सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.
२. दोन्ही क्लच शाफ्टची लांबी आणि टोकाची जाडी मोजा. शाफ्ट लांब असेल तर बोल्ट आवळताना घंटेच्या आकाराचं कव्हर तडकू शकतं.
३. कव्हरच्या बोल्टांची भोकं, मागची चकती, केबलचे आर्म आणि सेन्सरच्या जागा जुन्याशी ताडून बघा.
४. प्रत्येक गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवा. प्रत्येक गिअरमध्ये मागची चकती फिरली पाहिजे, आणि रिव्हर्समध्ये उलटी.
५. बसवल्यावर पुस्तिकेत लिहिलेलं ऑईल लेव्हलच्या भोकापर्यंत भरा. बाजारातला बॉक्स बहुधा कोरडाच येतो. कोरडा चालवला तर चांगला बॉक्सही जळतो.

बॉक्स बोल्टने ओढून जवळ आणायचा नाही. तो हाताने सरकत जाऊन कव्हर इंजिनला टेकलं पाहिजे, बोल्ट त्यानंतर. मध्ये फट राहत असेल तर थांबा. काहीतरी जुळत नाही.

बिल घ्या, मगच पैसे द्या

आरसी बुकावर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे बॉक्स कुठून आला हे दाखवायला तुमच्याकडे फक्त बिल असतं. उद्या तो चोरीच्या गाडीचा निघाला तर तेच कामी येतं. बिलावर दुकानाचं नाव, तारीख, बॉक्सवरचा नंबर आणि ‘इतक्या दिवसांत चालला नाही तर बदलून किंवा पैसे परत’ हे लिहून घ्या. नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ‘धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा : स्वतःच्या पोटासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये धंद्याची खरेदी धरली जात नाही. चाकाच्या चाचणीचा व्हिडिओ आणि बिल, दोन्ही असतील तर तुमचं म्हणणं पक्कं होतं.

टोचन करताना

हललीच नाही म्हणून गाडी दुसऱ्या गॅरेजला ओढून न्यायची असेल, तर लांबच्या अंतरासाठी प्रॉपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद असताना बॉक्समधला खालचा शाफ्ट फिरत नाही, त्यामुळे ऑईल वर उडत नाही. मागचा शाफ्ट मात्र चाकांबरोबर कोरडा फिरत राहतो आणि बेअरिंग जळतात. सोडलेल्या शाफ्टचे बोल्ट एका पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवा, आणि गॅरेजला पोहोचल्यावर शाफ्ट सोडला आहे हे मिस्त्रीला आवर्जून सांगा.

मिस्त्रीला फोन करताना एवढं सांगा

गाडीचं मॉडेल आणि साल. जुना बॉक्स कोणत्या सालच्या गाडीचा. तीनपैकी कोणतं लक्षण. चाक फिरवल्यावर शाफ्ट फिरला की नाही. न्यूट्रलमध्ये चाक मोकळं आहे की अडतं. क्लच सोडल्यावर बॉक्सचा आवाज बदलतो की नाही. एवढ्या माहितीवर मिस्त्रीला नेमकं काय उघडायचं ते ठरवता येतं, आणि येताना तो लागणारं सामान सोबत आणू शकतो.